गंज कुठून आला?

मी भिलाईहून बोलतोय. आमचं मूळ गाव वर्धा जिल्ह्यातलं. बाबा रेल्वेत लागले, बदल्या होत होत चरोद्याला, भिलाई मार्शलिंग यार्डात आले आणि आम्ही इथलेच झालो. बाबा ट्रेन एक्झामिनर होते. यार्डाच्या भाषेत टीएक्सआर. मालगाडी यार्डात आली की तिची चाकं, ब्रेक, स्प्रिंगा, कपलिंग बघायचं आणि कुठला डबा पुढे जाईल, कुठला कापून बाजूला काढायचा ते ठरवायचं. ज्या डब्यात दोष निघाला तो 'सिक'. मग तो सिक लाइनवर जातो, दुरुस्त होतो आणि परत गाडीला लागतो. हे काम त्यांनी 34 वर्षं केलं.

मी स्वतः रेल्वेत नाही. हिशेबनीस आहे. पण रुळांच्या कडेला वाढलेला मुलगा, त्यामुळे छोट्या रेल्वेचा नाद लागला तो लागलाच.

हा माझ्या हातातला डबा बघा. कॅमेरा जरा जवळ घ्या. हा बॉक्सएन. वरून उघडा, उंच बाजूंचा, कोळसा नि खनिज वाहणारा डबा. देशात कुठेही फाटकावर थांबला असाल तर हे डबे तुमच्या समोरून गेलेलेच आहेत. पूर्ण रेक असला की 58 मोजायला मिळतात. एचओ स्केलमध्ये म्हणजे 1 ला 87 या प्रमाणात मी तो प्लास्टिक शीट कापून बनवला. खरा डबा एका कपलिंगपासून दुसऱ्या कपलिंगपर्यंत 10 मीटर 71 सेंटिमीटर. भागिले 87, की झाला 123 मिलिमीटर. तळहातावर मावतो. (जाणकार लगेच म्हणतील की आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा, म्हणजे रूळ 19.3 मिलिमीटरवर हवेत आणि तुम्ही तर 16.5 वर चालवताय. खरंय. बाजारात एचओचा रूळ 16.5 चाच मिळतो, काय करणार.)

तर डबा बनवला, रेड ऑक्साइडसारखा तांबूस रंग मारला, नंबर टाकले. सुबक झाला. आणि अगदी खेळण्यासारखा दिसायला लागला. कारण इतका स्वच्छ बॉक्सएन कोणी पाहिलाच नाही. म्हणून मग वेदरिंग. वेदरिंग म्हणजे मॉडेलवर ऊन, पाऊस, गंज, धूळ यांच्या खुणा आणायच्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेला जॉन अ‍ॅलन नावाचे गृहस्थ होते, 1973 साली वारले. त्यांच्या छोट्या रेल्वेतले डबे, घरं, पूल सगळे झिजलेले, मळलेले असायचे, आणि ते फोटो बघून जगभरातल्या लोकांना समजलं की मॉडेल चकचकीत असायलाच हवं असं नाही. त्यासाठी आता खास रंग, खास पुडी तयार मिळतात. परदेशातून मागवल्या तर चार डब्या घेताना डोळे पांढरे होतात. म्हणून मी घरातलंच साहित्य वापरायचं ठरवलं.

पहिला डबा मी दोन रविवार खपून केला. गेरू, कॉफी, हळद, काजळ, जे सापडलं ते लावलं. टूथब्रश ओल्या मातीत बुडवून खालच्या बाजूवर चिखलाचे शिंतोडे उडवले. बाजूवर गंजाचा मोठा डाग, त्यातून खाली ओघळ. मला तर फार आवडला. बाबांना दाखवायला घेऊन गेलो.

इथे थोडं घरचं सांगतो. आई गेल्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. बाबा सकाळी पेपर वाचायचे, संध्याकाळी गेटपर्यंत जाऊन यायचे, आणि आमचं बोलणं "जेवलास का", "औषध घेतलं का" एवढ्यावर आलं होतं. माझ्या छंदाला ते कधी वाईट म्हणाले नाहीत, पण त्यांच्या लेखी ते खेळणंच होतं. त्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला, डबा उजेडात धरला, उलटा केला, चाकं फिरवून पाहिली. मग म्हणाले, "हा डबा मी सिक केला असता."

मी म्हटलं, "बाबा, जुना दाखवलाय तो."

"जुना वेगळा, सिक वेगळा. हा गंज इथे कुठून आला?"

मला उत्तर देता आलं नाही. डाग मला तिथे बरा दिसला म्हणून तिथे केला होता. बाबांनी पट्टी मागितली. डाग 5 मिलिमीटरचा निघाला. "87 ने गुण," म्हणाले. 435 मिलिमीटर. जवळजवळ दीड फुटाचं कुजलेलं पत्र्याचं भगदाड, तेही बाजूच्या मधोमध. "यातून कोळसा सांडत जाईल रुळावर. असा डबा यार्डातून सोडला असता तर माझी नोकरी गेली असती." मग शिंतोड्यांवर बोट ठेवलं. "अन् हा चिखल काहून? हा काय ट्रक आहे? डबा रुळावर चालतो. खाली खडी असते."

तो डबा मी तसाच ठेवलाय, हा इथे टेबलावर. आज जे काही सांगणार आहे ते त्या संध्याकाळपासून सुरू झालं.

बाबांचं म्हणणं असं की डब्यावरच्या प्रत्येक डागाला कारण असतं. बॉक्सएन कोळसा भरायला येतो तेव्हा लोडरची बादली वरच्या काठावर आपटते. रिकामा करताना पुन्हा तेच. म्हणून रंग सगळ्यात आधी वरच्या काठाचा जातो आणि गंजही तिथूनच सुरू होतो. कोळशात गंधक असतं. पावसात भिजलेला कोळसा डब्यात पडून राहिला की ते पाणी तळाचा पत्रा आणि बाजूंचा खालचा भाग आतून खातं. म्हणून दुसरा गंज तळाशी, दारांच्या बिजागऱ्यांपाशी, वेल्डिंगच्या जोडांवर. बाजूचा मधला सपाट पत्रा त्या मानाने बरा असतो, फक्त आतल्या मालाच्या दाबाने थोडा फुगतो. आणि पाऊस वरून खाली पडतो, त्यामुळे ओघळ उभेच. डबा उभा असताना पाणी वाहतं तसे.

आता माल. भिलाईत पोलाद कारखाना आहे, त्याला लोहखनिज येतं दल्ली राजहऱ्याहून. कोळसा एवढा जड नसतो, तो काठापर्यंत आणि वर ढीग करून भरतात. लोहखनिज मात्र इतकं जड की वजनाची मर्यादा गाठेपर्यंत डबा निम्मासुद्धा भरत नाही. म्हणजे खनिज वाहणाऱ्या डब्याचा आतला भाग खालून निम्म्याच्या आत लाल, आणि कोळशाच्या डब्याचा आतला भाग काठापर्यंत काळा. मी 40 वर्षं रेल्वे कॉलनीत राहून हे कधी पाहिलं नव्हतं. पुलावरून बघितलं तर दिसतं.

साहित्याकडे येतो. सगळ्यात मोलाची वस्तू गेरू. कुंड्यांना, तुळशी वृंदावनाला लावतो तो. गेरूचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, आणि गंज म्हणजेही लोहाचं ऑक्साइडच. दल्ली राजहऱ्याचं खनिजही त्याच घराण्यातलं. म्हणजे आपण नक्कल करत नाही, तीच वस्तू लावतोय. पण एकट्या गेरूने काम होत नाही, कारण गंज एका रंगाचा नसतो. ताजा गंज नारिंगी, जुना गडद तपकिरी. त्यासाठी पिवडी घ्यायची. ती जुन्या, टाकाऊ तव्यावर मंद भाजली की पिवळ्याची हळूहळू लाल होते. मध्येच थोडी थोडी काढून घेतली तर एका पिवडीतून चार-पाच छटा मिळतात. खिडकी उघडी ठेवा. आणि तो तवा परत पोळ्यांना वापरू नका.

कोळशाची धूळ करायला लाकडी कोळसा खलात कुटायचा. सिमेंट किंवा नुसत्या धुळीसाठी उदबत्तीची राख आणि मुलतानी माती. शाळेतला खडू पॉलिश पेपरवर घासला की पांढरट पूड. हे सगळं वस्त्रगाळ करायचं, जुन्या मलमलीतून दोनदा. कारण 87 पट लहान डब्यावर साधा कणसुद्धा दगड वाटतो. दळताना-गाळताना तोंडाला मास्क लावा. मिक्सर वापरू नका. मी एकदा वापरला आणि घरात नवा मिक्सर आणावा लागला.

जे जमलं नाही तेही सांगतो, कारण व्हिडिओंमध्ये हे कोणी सांगत नाही. कॉफीचा गंज पहिल्या दिवशी फारच छान दिसतो. ऑगस्टमध्ये माझ्या डब्यावर बुरशी आली. खाण्याची वस्तू आहे, आपल्याकडच्या दमट हवेत टिकणार नाही, मुंग्या येतात ते वेगळंच. हळद उन्हात उडते, खिडकीजवळ ठेवलेला डबा महिन्याभरात फिका पडला. चहाचं पाणी प्लास्टिकवर थांबतच नाही, थेंब होऊन पळतं. कापडाची ताडपत्री रंगवायला मात्र चहा उत्तम. काजळ तेलकट असतं, ते कधी सुकत नाही, बोटाला लागत राहतं. म्हणून फक्त जिथे खरंच ग्रीस असतं तिथे, काडीच्या टोकावर घेऊन.

आणि घासणीची गोष्ट. खरा गंज बनवावा म्हणून तारेची घासणी मिठाच्या पाण्यात व्हिनेगर घालून ठेवली. चार दिवस झाले, आठ झाले, घासणी जशीच्या तशी. बाबा रोज वाटीत डोकावायचे. शेवटी म्हणाले, "अरे, ही स्टेनलेस आहे. नव्या एचएलसारखी." एचएल म्हणजे बॉक्सएनएचएल, नंतरच्या काळातला डबा. कोळसा पत्रे खातो म्हणूनच तर त्याची बॉडी स्टेनलेस स्टीलची केली. तेव्हा लक्षात आलं की माझ्याकडच्या एचएलच्या मॉडेलवर मी बाजूभर गंजाचे ओघळ काढून ठेवले होते! ते धुतले. त्याच्यावर आता फक्त धूळ आहे. हार्डवेअरच्या दुकानातलं साधं स्टील वूल किंवा जुने लोखंडी खिळे घ्या, त्यांना दोन दिवसांत गंज चढतो. तो सुकवून गाळायचा. फक्त ते काम इंजिनांपासून लांब करा. मोटरमध्ये चुंबक असतं, लोखंडाचा कण आत ओढला गेला की इंजिन गेलं.

आता लावायचं कसं. यातही बाबांनीच मला वळणावर आणलं. मी आधी सगळीकडे पूड लावून मग ओरखडे काढायचो. ते म्हणाले, "डब्याचं आयुष्य ज्या क्रमाने गेलं त्या क्रमाने कर ना." म्हणून मी आता असं करतो. डबा भांड्याच्या लिक्विडने धुऊन वाळवायचा, बोटांचं तेल गेलं पाहिजे. मग मॅट क्लिअर स्प्रेचा हलका हात, कारण गुळगुळीत प्लास्टिकवर पूड ठरत नाही. पहिलं ऊन: पांढऱ्यात थोडा मूळ रंग मिसळून खूप पातळ हात, म्हणजे रंग उडाल्यासारखा दिसतो. मग फटींमध्ये साचलेला मळ: गडद तपकिरी अ‍ॅक्रिलिक, भरपूर पाणी, लिक्विडचा एक थेंब. तो सगळीकडे लावून दोन मिनिटांनी ओल्या फडक्याने वरून खाली पुसायचा. नेहमी वरून खाली. फडकं आडवं फिरलं की काम बिघडलं.

त्यानंतर ओरखडे. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा फाडायचा, कापायचा नाही, कारण फाडलेली कड वेडीवाकडी असते. गडद तपकिरी रंगात बुडवून आधी कागदावर टिपून घ्यायचा, जवळजवळ कोरडा होईपर्यंत, आणि वरच्या काठावर हलकेच टेकवायचा. इथे गुणाकार लक्षात ठेवा. 1 मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या डब्यावर 87 मिलिमीटर, चार बोटं. अर्ध्या मिलिमीटरहून मोठा ठिपका मी क्वचितच ठेवतो.

कोणाला मोठे पापुद्रे गेलेले दाखवायचे असतील तर मिठाची युक्ती आहे. आधी गंजाचा रंग, तो सुकल्यावर पाण्याने ओला करून त्यावर मीठ भुरभुरायचं, सुकू द्यायचं, वरून डब्याचा रंग स्प्रे करायचा आणि शेवटी मीठ घासून, धुऊन काढायचं. जिथे मीठ होतं तिथे खालचा गंज दिसतो. मीठ पूर्ण धुवा. राहिलं तर पावसाळ्यात ओल धरतं आणि धातूच्या चाकांना खराखुरा गंज लागतो.

मग पूड. मेकअपचा जुना मऊ ब्रश. गंजाच्या ठिपक्याखाली गेरू टेकवायचा आणि सपाट ब्रशने खाली ओढायचा. एक ओघळ, दोन ओघळ. सगळ्या ठिपक्यांना नाही. सगळ्यात शेवटी मालाची धूळ, कारण ती कालचीच असते, सगळ्यावर बसलेली. वरून मॅट स्प्रे. फिकट पूड स्प्रेखाली निम्मी गायब होते, घाबरू नका, थोडी जास्त लावा नाहीतर स्प्रेनंतर पुन्हा एक हात द्या. मॅट स्प्रे नसेल तर हेअर स्प्रे चालतो, लांबून आणि हलका.

चाकांबद्दल बाबा फार कडक. चाकाचा जो भाग रुळावर फिरतो तो चांदीसारखा चकचकीत असला पाहिजे, तिथे रंगाचा कणही नको. चाकाची बाहेरची बाजू मात्र मातकट तपकिरी, ब्रेकच्या ठोकळ्यांची भुकटी बसलेली. गाडी यार्डात शिरत असताना ते आणि त्यांची माणसं रुळांच्या दोन्ही बाजूंना उकिडवी बसायची आणि चालत्या चाकांकडे बघत, ऐकत राहायची. चाकाला सपाट चट्टा पडला असेल तर ठक ठक असा ठेका येतो. एखादं काही खाली लोंबत असेल तर तेही तेव्हाच दिसतं. हे त्यांनी मला ब्रश हातात असताना सांगितलं. त्याआधी कधी मी विचारलंच नव्हतं.

डब्याच्या नंबरवरून वय कळतं, हेही तेव्हाच समजलं. अकरा आकडे असतात. पहिले दोन डब्याच्या प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, आणि पाचवा-सहावा आकडा बांधणीचं वर्ष. मी ज्या डब्याला तीस वर्षांचा गंज चढवला होता त्याच्यावर नंबर मी 2012 चा टाकला होता. बाबा हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "तुझ्या डब्याला बालपणीच म्हातारपण आलं रे."

आणि एक बारीक गोष्ट. डबा कितीही मळला तरी नंबर वाचता आलाच पाहिजे, त्याशिवाय यार्डात काम कसं चालणार? मोठ्या दुरुस्तीला, पीओएचला, डबा कारखान्यात जातो. आमच्या इकडे रायपूरचं वॅगन रिपेअर शॉप. तिथून परतताना त्यावर तारीख नव्याने लिहिलेली असते. म्हणून तारखेचा चौकोन मी गंजानंतर पण धुळीच्या आधी रंगवतो. आजूबाजूला मळ, मध्ये ताजा चौकोन. त्यावर धूळ थोडीशीच. एवढ्याने डबा कामावर असल्यासारखा दिसतो.

पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. मी बाबांना तिथे नेलं होतं. सगळे लोक दिवे, पूल, केबल कार बघत होते आणि बाबा काचेला नाक लावून मालडब्यांची चाकं मोजत होते.

सध्या आमच्या रेकमध्ये 14 डबे आहेत. 58 काही माझ्या दिवाणखान्यात मावणार नाहीत, हिशेब केलाय, सात मीटरच्या वर जातात. प्रत्येक डबा बाबा तपासतात. त्यांच्या पलंगाशेजारी एक वही आहे, तिच्यात डब्याचा नंबर, तारीख आणि शेरा. आत्तापर्यंत पाच सिक झाले. एकाचा शेरा आहे, "ओघळ आडवा. फडके आडवे फिरले." दुसऱ्याचा, "दोन्ही बाजू सारख्या. एका बाजूला ऊन जास्त लागते." हा दुसरा मला पटला नाही. डबा जाताना एका तोंडाने जातो, येताना दुसऱ्या तोंडाने येऊ शकतो, ऊन दोन्हीकडे लागणारच. यावर आमचा आठवडाभर वाद चालला. शेवटी त्यांनी शेरा खोडला नाही, खाली "वाद प्रलंबित" असं लिहिलं.

गेल्या महिन्यातला हा चौदावा डबा. सगळं झालं होतं, स्प्रे मारायचा बाकी होता. बाबा म्हणाले, "याच्यावर खडूने काहीच लिहिलेलं नाही." खरंच, मालडब्यावर यार्डातल्या माणसांची खडूची अक्षरं, खुणा असतातच. पण 1 ला 87 मध्ये वीतभर उंच अक्षर जेमतेम अडीच मिलिमीटरचं होतं. मी पांढऱ्या रंगीत पेन्सिलीला सुईसारखं टोक काढलं आणि लिहायला बसलो. अक्षर छापल्यासारखं सरळ आलं. पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा सरळ. बाबांनी हात पुढे केला. त्यांचा हात हल्ली थरथरतो, चहाचा कप मी अर्धाच भरतो. मी पेन्सिल दिली. त्यांनी डबा गुडघ्यावर टेकवला आणि कोपऱ्यात, दाराच्या वर, दोन अक्षरं आणि एक आडवी रेघ ओढली. वेडीवाकडी, एका ठिकाणी तुटलेली, जशी खडबडीत पत्र्यावर, एका हातात बॅटरी धरून, पावसात घाईने ओढलेली असते तशी.

मी विचारलं, "याचा अर्थ काय?"

"तपासला. जाऊ द्या."

इथे जवळ घ्या कॅमेरा. दिसतंय का? हां. याच्यावर स्प्रे मी अगदी लांबून मारला, दीड हातावरून, तीनदा.